रूपाचे मोल

नवी वस्तू घडविणाराला तिचे फळ मिळावे, याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. तंटा माजतो तो पुढच्या प्रश्नावर. फळ किती द्यावयाचे, आणि ते वस्तूच्या कोणत्या अंगासाठी? ॲपल आणि सॅमसंग या दोन बलाढ्य कंपन्यांत अमेरिकेच्या न्यायालयांत २०११ ते २०१८ अशी सात वर्षे जो झगडा चालला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. दोन धनिकांचा कलह म्हणून तो सोडून देणे योग्य होणार नाही, असे आम्हांस वाटते.

पेटंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्र उभे राहते. परंतु वस्तू चालते कशी याचे पेटंट निराळे आणि ती दिसते कशी याचे निराळे. हे दुसरे, म्हणजे रूपाचे पेटंट अमेरिकेने १८४२ सालीच सुरू केले. १८७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे चांदीच्या चमच्यांच्या दांड्यांवरील नक्षीचा वाद आला. तेव्हा न्यायालयाने कसोटी घालून दिली ती अशी : तज्ज्ञाचा नव्हे, तर सामान्य गिऱ्हाइकाचा डोळा फसला, तर नक्कल झाली असे समजावे.

नक्कल ठरली, पण भरपाई किती? १८८५ साली गालिच्यांच्या खटल्यात हा पेच उभा राहिला. नफ्यातला नेमका किती भाग नक्षीमुळे आला, हे फिर्यादीला सिद्ध करता येईना. तेव्हा न्यायालयाने त्याच्या हातावर अवघे ६ सेंट ठेवले. नक्कल करणाराला याहून स्वस्त सौदा कोणता? म्हणून १८८७ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला, की रूप चोरणाराने त्या वस्तूवर मिळविलेला सगळाच नफा द्यावा. गालिच्यापुरते हे न्यायाचेच होते. नक्षी वजा केली तर गालिच्यात गिऱ्हाइकाने पाहावे असे उरते किती?

सव्वाशे वर्षांनी हाच नियम स्मार्टफोनला लावण्याची वेळ आली. ॲपलने आयफोन जगापुढे मांडला तो जानेवारी २००७ मध्ये. एप्रिल २०११ मध्ये तिने सॅमसंगवर फिर्याद केली. फिर्यादीत यंत्राची पेटंटे होतीच. पण गाजली ती रूपाची : गोल कोपऱ्यांचा काळा दर्शनी भाग, त्याभोवतीची कड आणि पडद्यावरील रंगीत चित्रांची मांडणी. गंमत अशी की, त्या पहिल्या आयफोनचा मुख्य प्रोसेसर सॅमसंगनेच बनविलेला होता! ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने सॅमसंगला १ अब्जाहून अधिक डॉलरांची भरपाई ठोठावली. पुढे रक्कम कमी होत गेली, तरी रूपापोटी ३९ कोटी ९० लाख डॉलर उरले, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

रूपाचा न्याय किती निसरडा असतो, हे त्याच सुमारास युरोपात दिसले. सॅमसंगच्या एका टॅब्लेटवर ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने २०११ साली बंदी घातली; लंडनच्या न्यायालयाने २०१२ साली तोच टॅब्लेट ॲपलच्या नोंदलेल्या आकृतीहून वेगळा ठरविला. वस्तू एकच, निवाडे दोन. मधल्या काळात सॅमसंगने जर्मनीसाठी त्या टॅब्लेटची कड बदलून तो पुन्हा बाजारात आणला. खटल्याने नवी रचना घडविली ती एवढीच : कडेपुरती.

अमेरिकेत शंभराहून अधिक डिझाइनकार ॲपलच्या पाठीशी उभे राहिले, तर गूगलसारख्या कंपन्या सॅमसंगच्या. आमच्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. रूपाला संरक्षण नसेल तर डिझाइनकाराचे श्रम वाया जातात. आणि एका रूपापायी सगळा नफा जाणार असेल, तर हजारो भागांच्या यंत्राला हात घालताना नवा कारखानदार कचरतो. डिसेंबर २०१६ मध्ये आठही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, कायद्यातली ‘वस्तू’ म्हणजे विकला जाणारा अख्खा फोनच असावा असे नाही. त्याचा एखादा भागही असू शकेल. मात्र तो भाग ओळखावा कसा, हे त्यांनी खालच्या न्यायालयांवर सोपविले. परिणाम असा की, मे २०१८ मध्ये नव्या ज्यूरीने रूपापोटी ५३ कोटी ३३ लाख डॉलर दिले, म्हणजे आधीपेक्षाही अधिक! पुढच्याच महिन्यात तडजोड झाली. ज्या फोनांवरून हे रण माजले, ते बहुतेक २०१० आणि २०११ सालचे. बाजारातून ते केव्हाच उठले होते.

सॅमसंग एवढ्याने बुडाली नाही आणि ॲपलही त्या पैशावाचून अडली नव्हती. सात वर्षे वकील पोसणे या दोघांना परवडले. नवे रूप काढणाऱ्या लहान कारागिराला ते परवडत नाही, आणि त्याच्यावर खोटा दावा झाला तर बचावही परवडत नाही. १८८५ सालच्या ६ सेंटांनी कारागिराला उपाशी ठेवले. १८८७ सालच्या सगळ्या नफ्याने मोठ्यांच्या हाती सोटा दिला. या दोन टोकांमधले माप कायद्याला नेमके ठरविता आले नाही, तोवर रूपाचे पेटंट हे निर्मात्याच्या ढालीपेक्षा धनवंताचे हत्यारच अधिक ठरेल, अशी आम्हांस भीती वाटते.