एका ड्रॅगनची हाडं

‘स्टार वॉर्स’च्या जगातल्या ‘द मॅन्डलोरियन’ या मालिकेच्या दुसऱ्या हंगामाचा पहिला भाग, ‘द मार्शल’, ३० ऑक्टोबर २०२० रोजी आला. डिझ्नी प्लसचं दुकान आखातात उघडलं ते जून २०२२ मध्ये. तोवर इथे अबुधाबीत ही मालिका ओएसएन या सेवेवर पाहावी लागे. करोनाचे दिवस होते, संध्याकाळ घरातच काढायची होती, त्यामुळे एकेक दृश्य थांबवून, मागे नेऊन पाहायला लोकांकडे भरपूर सवड होती. त्या भागात सापडण्यासारखंही बरंच होतं. मार्शल कॉब व्हँथची उडती दुचाकी पाहिली की १९९९ च्या चित्रपटातल्या छोट्या अनाकिनच्या शर्यतीच्या यानाचं इंजिन आठवतं. त्याच्या अंगावरचं चिलखत बोबा फेटचं, म्हणजे १९८३ मध्ये वाळूतल्या राक्षसाच्या तोंडात पडलेल्या माणसाचं. हा व्हँथ स्वतः २०१५ च्या चक वेंडिगच्या कादंबरीतून मालिकेत आलेला. ड्रॅगनशी लढाई जुंपली की पडद्यावरच्या वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या सरकतात आणि चित्र एकदम उंच होतं, हेही पुष्कळांच्या नजरेतून सुटलं नाही.

या सगळ्या गोष्टी जाणूनबुजून पेरलेल्या असतात. पेरणाऱ्याने पेरायचं, चाहत्याने वेचायचं, दोघांनी खूश व्हायचं. मला त्यात फार रस नाही. मला रस आहे तो त्या ड्रॅगनमध्ये, कारण तो कुणीच पेरला नव्हता.

टॅटूइन ग्रहावरचा हा क्रेट ड्रॅगन. पडद्यावर तो पहिल्यांदा दिसला १९७७ मध्ये, तोही मेलेला. पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये सोनेरी यंत्रमानव थ्रीपीओ वाळवंटातून एकटाच कुरकुरत चाललेला असतो आणि मागे टेकडीवर एका लांबलचक प्राण्याचा सांगाडा पसरलेला दिसतो. बस, एवढंच. त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. नाव, स्वभाव, पोटातला मोती हे सगळं पुढे पुस्तकांनी आणि व्हिडिओ गेमनी जोडलं.

सांगाडा तिथे आला कसा? चित्रीकरण सुरू झालं मार्च १९७६ मध्ये, ट्यूनिशियात, नेफ्ता आणि तोझरच्या परिसरात. पैसे बेताचे होते. वर्षभरापूर्वीच, १९७५ मध्ये, डिझ्नीचा एक विनोदी चित्रपट येऊन गेला होता: ‘वन ऑफ अवर डायनासोर्स इज मिसिंग’. लंडनच्या संग्रहालयातला डायनासोरचा सांगाडा चोरीला जातो आणि त्याच्या हाडांत दडवलेल्या सूक्ष्मफितीमागे मुलं सांभाळणाऱ्या आया धावतात, असं त्याचं कथानक. त्यातला खोटा सांगाडा काम संपल्यावर मोकळाच होता. तो वाळवंटात नेला, पसरला, वापरला. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांचा राजवाड्याचा पडदा जसा आज दुष्यंताच्या मागे आणि उद्या कृष्णाच्या मागे लागायचा, तसंच हे. काम उरकल्यावर सांगाडा परत नेण्याचा खर्चही कुणी केला नाही. तो वाळूतच राहिला.

पण तो खोटा सांगाडा तरी कशाची नक्कल होता? लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या डिप्लोडोकसची. आणि गंमत म्हणजे लंडनचा डिप्लोडोकसही खरा नव्हे. खरी हाडं सापडली अमेरिकेत, वायोमिंगमध्ये, १८९९ साली, पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या पैशावर चाललेल्या उत्खननात. ती पिट्सबर्गला गेली. त्यांचं चित्र पाहून राजे सातवे एडवर्ड यांना मोह पडला. कार्नेगीने साचे काढून प्लास्टरची प्रतिकृती बनवून घेतली. २९२ हाडं ३६ पेट्यांत भरून लंडनला रवाना झाली आणि १२ मे १९०५ रोजी २६ मीटर लांबीच्या त्या पाहुण्याचं अनावरण झालं. पुढे बर्लिन, पॅरिस अशा राजधान्यांनाही एकेक प्रत मिळाली. म्हणजे टॅटूइनवरचा तो सांगाडा नकलेची नक्कल, आणि तीही दुसऱ्या सिनेमातून उरलेली.

इथे एक आडवाट घेतो, कारण ती आपल्याकडे जाते. डिझ्नीचा तो चित्रपट आला त्याच १९७५ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या संशोधकांनी बारापासॉरस टागोरीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. हाही लांब मानेचा, डिप्लोडोकसपेक्षा कितीतरी जुना. त्याची सुमारे ३०० हाडं मिळाली प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्याला लागून असलेल्या तेलंगणाच्या बाजूला. ज्या खडकात ती होती त्याला शास्त्रज्ञ ओळखतात ते प्राणहितेकाठच्या कोटा गावाच्या नावाने, आणि हे गाव सिरोंचा तालुक्यातलं. सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे. अजून कुठल्याच सिनेमाने त्याला ड्रॅगन केलेलं नाही, हे त्याचं भाग्य की दुर्भाग्य, ठरवणं कठीण.

परत ट्यूनिशियात. १९९५ मध्ये डेव्हिड वेस्ट रेनल्ड्स हा पुरातत्त्वाचा अभ्यासक चित्रपटातली स्थळं शोधत तिथे गेला. पुरातत्त्ववाला जुन्या वस्तीचा शोध घेतो तसा, चित्रपटातल्या दृश्यांवरून टेकड्यांच्या रेषा जुळवत. त्याला वाळूत त्या खोट्या मणक्यांचे तुकडे मिळाले. कुणी टाकून दिलेली वस्तू वीस वर्षांत उत्खननाची वस्तू झाली होती. माझ्या मते ड्रॅगनचा जन्म खरा इथे झाला. पटकथेत त्याला जागा नव्हती. ती पुढच्या लोकांनी करून दिली, कारण मागे काय राहिलंय याची त्यांना पर्वा होती.

मग २०२० मध्ये जॉन फॅवरोने तो जिवंत करून दाखवला, आणि लगेच भांडणं सुरू झाली. ‘द मार्शल’मधला ड्रॅगन पर्वताएवढा, जाडजूड, पुष्कळ पायांचा. वाळूतला सांगाडा सडपातळ, लांब मानेचा, चार पायांचा. डिप्लोडोकसच तो, दुसरं काय असणार? उत्तर आलं की जाती दोन आहेत, एक दरीतली आणि एक थोरली. अशी उत्तरं घाईची असतात हे उघड आहे. तरी मला ती आवडतात, कारण मेलेल्या सांगाड्याला खोटं पाडण्यापेक्षा दुसरी जात कल्पून त्याची लाज राखणं जास्त सभ्यपणाचं वाटतं. याच जगात दुसरी रीतही आहे. वाळवंटातल्या टोळीला पळवून लावण्यासाठी पहिल्या चित्रपटातला म्हातारा योद्धा ओबी-वान जी आरोळी ठोकतो ती ड्रॅगनचीच नक्कल. २००४ च्या आवृत्तीत ती बदलली, २०११ मध्ये पुन्हा बदलली. जुनी काढून नवी बसवली, काम संपलं.

आता अबुधाबी. २०१४ च्या मेमध्ये ‘द फोर्स अवेकन्स’चं चित्रीकरण इथल्या रुब अल खालीच्या वाळूत झालं. पडद्यावर वाळवंट पाहून पुष्कळांना वाटलं, हे टॅटूइनच. ग्रहाचं नाव मात्र जक्कू, आणि तिथे टेकड्यांवर पडलेली आहेत ती मोडक्या युद्धनौकांची धुडं. ड्रॅगन अबुधाबीला आला तो वेगळ्या वाटेने. ६ ऑक्टोबर २०२०, म्हणजे ‘द मार्शल’च्या आधी जेमतेम साडेतीन आठवडे, न्यूयॉर्कमध्ये ‘स्टॅन’ नावाच्या टी. रेक्स डायनासोरचा सांगाडा ३ कोटी १८ लाख डॉलरला विकला गेला. घेणारा कोण ते गुप्त होतं. २०२२ मध्ये कळलं की तो अबुधाबीच्या नियोजित नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी आहे. सादियात बेटावरचं ते संग्रहालय नोव्हेंबर २०२५ मध्ये उघडलं, आणि या वेळी हाडं खरी आहेत.

हाडं खरी असोत की खोटी, जुळवाजुळव चुकत नाही. लंडनच्या डिप्लोडोकसची शेपूट १९०५ पासून जमिनीवर लोळत होती. ती चुकीची ठरल्यावर १९९३ मध्ये वर उचलून बसवली. पिट्सबर्गमधल्या अपॅटोसॉरसच्या धडावर तर कित्येक दशकं भलत्याच प्राण्याचं डोकं होतं, ते १९७९ मध्ये उतरवलं. पावलांच्या ठशांचंही तसंच. अबुधाबीच्या पश्चिमेला म्लेइसा इथे उघड्या खडकावर मोठाल्या पावलांच्या रांगा आहेत. स्थानिक लोक त्या राक्षसांच्या म्हणत, कुणी डायनासोरच्या म्हणत. पतंगाला कॅमेरा बांधून त्यांची छायाचित्रं घेतली गेली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीचा किमान १३ हत्तींचा कळप, आणि त्याच्या वाटेला छेदून गेलेला एकटा नर, ज्याच्या पावलांची रांग २६० मीटर लांब आहे. थोडक्यात, ट्यूनिशियात डायनासोरचा ड्रॅगन झाला आणि अबुधाबीत डायनासोरचा हत्ती.