मेंढ्या बसवायच्या बंद झाल्या आणि लोकर उकिरड्यावर गेली

परवा पुण्यात एका मित्राच्या घरी परदेशी लोकरीची रजई पाहिली. तिच्या पिशवीवर छापलं होतं की ही लोकर जबाबदारीनं मिळवलेली आहे, मेंढ्यांना इजा केलेली नाही आणि त्या जिथं चरल्या ती जमीन सुधारते आहे. किंमत ऐकून मी गप्प बसलो. कारण चारच दिवस आधी धुळे तालुक्यात आमच्या शिवाराजवळ एक ठेलारी वाडा उतरला होता, आणि त्या वाड्याच्या कडेला कातरलेल्या काळ्या लोकरीचा ढीग पडलेला मी पाहिला होता. "बाबा, याचं काय करणार?" असं विचारलं तर म्हातारे म्हणाले, "काय करतो भाऊ, फुकट पण कोणी नेत नाही. कातरणाऱ्याची मजुरी वरून आपल्याच खिशातून जाते."

तिकडची लोकर हजारोंना विकते आणि आपली उकिरड्यावर जाते. हे असं का झालं, ते सांगायचंय. पोस्ट लांब आहे, पण खान्देशातल्या माणसानं वाचावी अशी आहे.

बाहेरच्यांसाठी आधी थोडी ओळख. ठेलारी म्हणजे धुळे-साक्री भागातली मेंढपाळ जमात, सरकारी यादीतली भटकी जमात. घोड्यावर बिऱ्हाड, बरोबर कुत्री, आणि पावसाळा सोडला तर बहुतेक वर्ष पायी फिरणं. पिकं निघाली की हे वाडे शिवारात येतात. आमच्याकडे त्याला 'मेंढ्या बसवणं' म्हणतात. दिवसा कळप रानात चरतो आणि रात्री आपल्या वावरात बसतो. दोन-तीन रात्रींनी जागा बदलायची, असं करत सगळं वावर खतवून होतं. बदल्यात शेतकऱ्यानं ज्वारी-बाजरी द्यायची, पुढं रोख पैसे द्यायचे. माझ्या आजोबांच्या वहीत सालदाराच्या हिशोबाशेजारी मेंढ्यांना दिलेल्या ज्वारीचा हिशोब असायचा. म्हणजे तो शेतीचा ठरलेला खर्च होता, कुणावर केलेले उपकार नव्हते.

यात शास्त्र काय आहे? लेंडीखतात साधारण ३ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद आणि २ टक्के पालाश असतं. नेहमीच्या शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शिवाय मेंढ्या वावरातच बसल्या की मूतही जमिनीत जिरतं. ते उकिरड्यावरून गाडीत भरून आणता येत नाही. आज 'रिजनरेटिव्ह फार्मिंग' म्हणून ज्याची शिबिरं भरतात, त्यातला मोठा भाग म्हणजे जनावर आणि पीक एकाच जमिनीवर आलटून पालटून आणणं. आमच्याकडे ते नावाशिवाय चालू होतं.

आणि लोकर? दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ, बहुतेक काळी. तिची घोंगडी व्हायची. सणगर ती विणायचे, चिंचोक्याची खळ द्यायचे. ऊन, वारा, पाऊस सगळ्यात चालणारी. शेतकऱ्याचं अंथरूण-पांघरूण तेच आणि पावसात डोक्यावरची खोळही तीच. म्हणजे एकाच जनावरापासून वावराला खत आणि घराला पांघरूण.

मग बिघडलं कुठं? लोक म्हणतात, युरिया आला आणि बिघडलं. ते खरं आहे, पण अर्धंच. सुरुवात त्याच्या खूप आधीची.

१८१८ मध्ये इंग्रजांनी खान्देश घेतला तेव्हा इथली कितीतरी गावं ओसाड पडलेली, जमीन पडीक. मेंढरांना चरायला रान होतं. नंतर इंग्रजांनी वस्ती आणि लागवड वाढवली. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात पाचोरा, जळगाव, भुसावळ या पट्ट्यातून रेल्वे आली. पडीक रान कापसाखाली जाऊ लागलं. मग १८७८ चा वन कायदा आला. राखीव जंगल म्हणून रेघ ओढली गेली आणि तिच्या आत चरणं हा हक्क न राहता मेहेरबानी झाली, नाहीतर गुन्हा. एका बाजूनं कापूस सरकला, दुसऱ्या बाजूनं वनखातं. मेंढपाळ मधल्या पट्टीत अडकला.

हे त्याच काळात नेमकं ओळखणारा माणूस होता, जोतीराव फुले. १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी वनखात्यानं गायरानं गिळल्याची तक्रार केली. आणि त्याच पुस्तकात सरकारला सुचवलं की शेळ्यामेंढ्यांची चांगली पैदास करा, त्यांच्या लेंड्या-मुतानं शेतं सुपीक होतील आणि लोकरीतून लोकांना फायदा होईल. खत आणि लोकर, दोन्ही एकाच दमात. दोन वेगळी खाती केली की दोन्ही बुडतात, हे फुल्यांना दिसत होतं.

सरकारनं पुढं नेमकी ती वेगवेगळी केली. १९६० च्या दशकात संकरित ज्वारी आली, तिच्याबरोबर रासायनिक खताची गोणी आली आणि मेंढ्या बसवण्याची गरज कमी वाटू लागली. विहिरी, मग बोअर झाले. रावेर-यावलकडे केळी वर्षभर उभी. वावर मोकळंच होत नाही तर मेंढी बसणार कुठं? इकडे पानिपतची स्वस्त कांबळी आणि कृत्रिम धाग्याच्या ब्लँकेटी बाजारात आल्या आणि घोंगडी मागं पडली. मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून आहे, आपल्या चाळीसगावजवळ बिलाखेडला त्याचं प्रक्षेत्रही आहे. बारीक लोकरीसाठी परदेशी जातींशी संकराचे प्रयोगही राज्यात झाले. पण जाड लोकरीला गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न तसाच राहिला. आता मेंढी म्हणजे फक्त मटण.

आता आजचं बघा. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हापासून कृषी विभाग सांगतो की हंगाम संपला की फरदड घेऊ नका, पऱ्हाटीत शेळ्या-मेंढ्या चारा, म्हणजे उरलेल्या बोंडांतली अळी संपते. म्हणजे ज्याला आपण शिवारातून हाकलतो त्याच मेंढपाळाची गरज सरकारी सल्ल्यातच लिहिलेली आहे. जगात 'रिस्पॉन्सिबल वूल स्टँडर्ड' २०१६ मध्ये आलं. त्यात मेंढीला मोकळं फिरता यावं, तिची कातडी कापू नये, जमिनीची निगा राखावी अशा अटी आहेत. ठेलाऱ्याची मेंढी तर आयुष्यभर मोकळीच चालते. शिक्का मारणारा कुणी तिच्यापर्यंत पोचलाच नाही, एवढंच.

मी जुन्या काळाचे गोडवे गात नाही. मेंढ्यांवरून शिवारात मारामाऱ्या होत होत्या, उभ्या पिकात कळप घुसायचे, आणि ठेलाऱ्यांच्या पोरांची शाळा कधी पूर्ण झाली नाही. ते आयुष्य कुणी हौसेनं धरून ठेवावं असं माझं म्हणणं नाही. पण जे हे काम आजही करतात त्यांना ते नीट करू द्या. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या मेंढपाळांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. आपल्या जिल्ह्यात किती वाड्यांना तो मिळाला, हे आपल्या ग्रामसभेत विचारा. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे साल चराऊ रानांचं आणि मेंढपाळांचं म्हणून जाहीर केलंय. त्या निमित्तानं भाषणं होतील, फोटो निघतील.

आपण एवढंच करू. कापूस निघाल्यावर वावर रिकामं असेल तर चार रात्री मेंढ्या बसवू आणि त्याचे पैसे घासाघीस न करता देऊ. आमच्या घरी यंदा पुन्हा सुरुवात करतोय. त्या म्हातारबाबांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "येऊ की भाऊ. पण मधल्या रस्त्यावर कोणी अडवलं तर फोन उचला."

फोन उचलायचं कबूल केलंय.