सही, मत आणि पाकीट

आमच्या ऑफिसात सकाळी कार्ड स्वाइप केलं की हजेरी लागते. पुढे माणूस कोड लिहितो की कॅन्टीनमध्ये चहा ढोसतो, हे त्या मशीनला काय कळणार? गेल्या वीकेंडला युरोपियन पार्लमेंटचा इतिहास वाचताना मला हे मशीन सारखं आठवत होतं.

तिथे बैठकीच्या दिवशी रजिस्टरवर सही केली की खासदाराला दैनिक भत्ता मिळतो. 2004 साली ऑस्ट्रियाचे खासदार हान्स-पेटर मार्टिन यांनी जाहीर आरोप केला, की सहकारी सही ठोकतात आणि बॅग उचलून निघतात. मोठा गदारोळ झाला. आजचा नियम असा, की मतदानाच्या दिवशी नावानिशी होणारी निम्म्याहून जास्त मतदानं चुकवली, तर भत्ता निम्मा.

पण मत नेमकं कुठे पडलं? बरंचसं मतदान हात वर करून होतं. हात खाली आला की पुरावा संपला! 2009 पासून कायद्यांवरचं अंतिम मतदान नावानिशी नोंदवणं सक्तीचं झालं. या नोंदी म्हणजे बाजूने, विरोधात आणि तटस्थ असे तीन गट, आणि खाली नावांच्या लांबलचक याद्या. सामान्य माणूस कधी वाचणार? त्याच वर्षी सुरू झालेल्या व्होटवॉचने त्यातून प्रत्येक खासदाराचं प्रगतिपुस्तक तयार केलं. 2022 मध्ये ते बंद पडलं.

राहता राहिलं पाकीट. ऑफिसखर्चाच्या मासिक भत्त्याच्या पावत्या खासदारांना सादर कराव्या लागत नाहीत. पत्रकारांनी भत्त्यांची कागदपत्रं मागितली, तेव्हा 2018 मध्ये युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टाने पार्लमेंटचा नकार उचलून धरला.

आणि डिसेंबर 2022 मध्ये बेल्जियमच्या पोलिसांनी छापे घातले. सुमारे 15 लाख युरोंची रोकड सापडली. परदेशी सरकारांनी खासदारांना पैसे चारल्याचा संशय होता; अटक झालेल्यांत पार्लमेंटच्या एक उपाध्यक्षाही होत्या. त्यांनी आरोप नाकारले. 2023 मध्ये नियम बदलले: लॉबीवाल्यांच्या भेटी सगळ्याच खासदारांनी जाहीर करायच्या, मालमत्ताही सांगायची.

मी डेटावाला माणूस, त्यामुळे टक्केवारी दिसली की विश्वास बसतो. पण हजेरी 95 टक्के असूनही मत कोणासाठी दिलं, हे कुठल्याच कॉलममध्ये येत नाही. त्यासाठी सही, मत आणि पाकीट, तिन्ही एकत्र बघावं लागतं. पहिल्या दोन गोष्टी मशीन मोजतं. तिसरीसाठी मात्र कोणीतरी चिकाटीने प्रश्न विचारत राहावं लागतं.

असो. उद्या सोमवार, नऊला स्वाइप!