ब्रेकचा नियम कुणाचा?

1 जून 1948 ला नगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली. तिचे ब्रेक कसे असावेत, हे ठरवण्याचा अधिकार दिल्लीकडे नव्हता. मुंबई सरकारकडे होता. 1939 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 70 नं वाहनाची बांधणी आणि देखभाल यांचे नियम प्रांतांवर सोपवले होते. 1988 च्या कायद्यात कलम 110 नं हा अधिकार मुख्यतः केंद्राकडे गेला. आज गाड्यांचे नमुने तपासणाऱ्या संस्थांत नगरची व्हीआरडीई आहे, पण नियम केंद्राचा.

म्हणून जुन्या अपघातावर काम करताना आधी साल बघा. 1970 चा असेल तर राज्याचे नियम काढा, 1990 चा असेल तर केंद्राचे. चुकीचं दार ठोठावलंत तर हाती काही लागणार नाही, आणि सगळा दोष चालकाच्या नावावर तसाच राहील.