डब्यातली वही : उशिरा लिहित्या झालेल्या बायकांची गोष्ट

आम्ही पनवेल तालुक्यातल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. हातातलं काम चालू ठेवून ऐकलंत तरी चालेल.

गेल्या पावसाळ्यात आमच्या बैठकीत हिशेब संपले. सह्या झाल्या. तेवढ्यात साठी ओलांडलेल्या एका ताईंनी पिशवीतून एक जुनी वही काढली. आम्हाला वाटलं, मागच्या कर्जाचा हिशेब असेल. त्यात निघाली त्यांच्या माहेरची भातशेती, आईने लावणीला म्हटलेली गाणी आणि लग्नाआधी अर्धवट सुटलेली शाळा. "कुठे ठेवली होतीत इतकी वर्षं?" आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, "तांदळाच्या डब्याच्या तळाशी. आता या वयात काय लिहायचं, लोक हसतील." आमच्यापैकी कुणीच हसलं नाही. निम्म्या जणींना आपापली वही आठवली, कुणाची कागदावरची, कुणाची नुसती मनातली.

"या वयात" हा शब्द आम्हाला लागून राहिला. म्हणून आम्ही जुनी पुस्तकं शोधली. मराठीत बायकांनी लिहिलेल्या ज्या आत्मकथा आजही वाचल्या जातात, त्यातल्या कितीतरी उतारवयात लिहिलेल्या आहेत. कारण उघड आहे. तरुणपण चूल, मुलं आणि शेत यांतच जायचं. 1901 च्या जनगणनेत आपल्या देशात शंभरात एकसुद्धा बाई लिहिणारी-वाचणारी भरत नव्हती. आधी अक्षर मिळवायचं, मग सवड मिळवायची आणि मग धीर गोळा करायचा. यातच अर्धं आयुष्य सरायचं.

लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. अकराव्या वर्षी लग्न झालं. शाळा नाहीच. नवरा नारायण वामन टिळक, मोठा कवी. त्यांच्यामुळे अक्षरओळख झाली. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले आणि घर फुटलं. पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने तीच वाट धरली. 1919 साली टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' काव्य अपुरं राहिलं होतं. पुढचे साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. मुलगा वडिलांचं चरित्र लिहायला बसला, तेव्हा आईला म्हणाला, तुझ्या आठवणी लिहून दे. त्या आठवणींचंच 'स्मृतिचित्रे' झालं. पहिला भाग 1934 मध्ये आला तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. शेवटचा भाग छापून यायच्या आधी, 1936 साली, त्या गेल्या. म्हणजे ज्या पुस्तकामुळे आज त्यांचं नाव घराघरात आहे, ते आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यातलं. त्यात त्या घरात बोलावं तसंच बोलतात. नवऱ्याच्या लहरींवर हसतात, स्वतःवर त्याहून जास्त हसतात.

आपल्या कोकणातल्या आनंदीबाई कर्वे देवरुखच्या. पहिलं नाव गोदूबाई. लहानपणीच विधवा झाल्या. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, तिथल्या त्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. 1893 साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्या काळात विधवेने लग्न करणं म्हणजे गावाने वाळीत टाकणं. त्यांचं 'माझे पुराण' 1944 साली आलं, तेव्हा त्यांनी सत्तरी कधीच ओलांडली होती. कर्व्यांचं काम सगळ्यांना माहीत होतं. पण त्या कामामागे घर कसं चाललं, ओढाताण किती झाली, हे सांगायला घरातलीच बाई हवी होती.

आता फलटणच्या बेबीताई कांबळे. जन्म 1929 चा. घरचं छोटं किराणा दुकान. रद्दीत आलेले कागद पुड्या बांधण्याआधी त्या वाचायच्या. महार समाजातल्या बायकांचं जिणं, उपास, मारझोड आणि बाबासाहेबांच्या शब्दांनी आलेली जाग, हे सगळं त्या चोरून लिहीत गेल्या. नवऱ्याच्या धाकाने कागद घरात लपवून ठेवायच्या. अशी वीसेक वर्षं गेली. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना हे कळलं, त्यांनी पाठ थोपटली आणि लेखन बाहेर आलं. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने 1986 साली आलं. पुढे ते इंग्रजीतही गेलं.

त्याच 1986 साली शांताबाई कांबळ्यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' आलं. सोलापूरकडच्या महूदच्या शांताबाई शिक्षिका होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना अक्षरं शिकवली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी लेखणी धरली. भाषा गावाकडचीच ठेवली. पुढे त्यावर दूरदर्शनवर 'नाजुका' नावाची मालिका झाली.

या चौघींनी "आमचं काय लिहायचं" म्हणून हात आखडता घेतला असता, तर काय राहिलं असतं? नवऱ्याचं चरित्र राहिलं असतं, पुढाऱ्यांची भाषणं राहिली असती. सोवळ्याचा जाच, केशवपन, उपाशी बाळंतीण हे त्यांच्या शब्दांत आपल्याला मिळालं नसतं.

आता आपल्या पनवेलकडे या. इथला इतिहास मोठा. पनवेलची नगरपालिका 1852 सालची. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके आपल्या शिरढोणचे. त्यांनी स्वतःच्या हाताने आत्मचरित्र लिहिलं होतं, इंग्रजांच्या दप्तरात ते राहिलं, म्हणून त्यांच्या मनातलं आज आपल्याला वाचायला मिळतं. लिहिलेलं टिकतं, ते असं.

पण 1970 साली सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांची जमीन नव्या शहरात गेली. जानेवारी 1984 मध्ये शेजारच्या जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गाव-वाड्या उठल्या. 2025 साली विमानतळाचं उद्घाटनही झालं. या सगळ्याचे कागद कचेरीत आहेत. किती एकर, किती भाव, सगळं आहे. सातबारावर बहुधा पुरुषाचं नाव. पण कुठल्या खाचरात कुठला भात पिकायचा, खाडीत निवट्या कशा धरायच्या, नव्या घरात जाताना जुन्या उंबऱ्याला कुणी हात लावून नमस्कार केला, हे कुठल्या कागदात आहे? ते आमच्या सासवांना माहीत होतं. बऱ्याचजणी गेल्या. आता ते आम्हाला माहीत आहे, आणि आम्हीही साठीच्या पुढे आहोत.

म्हणून आम्ही ठरवलं. महिन्याच्या बैठकीनंतर अर्धा तास वहीचा. तारीख आठवत नसेल तर खूण लिहायची: "26 जुलैच्या पुराच्या वर्षी", "थोरलीच्या लग्नाआधी". शुद्धलेखनाची चिंता नको. जिला लिहिता येत नाही, ती बोलते आणि नात लिहून घेते किंवा फोनवर आवाज धरून ठेवते. पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हॅन यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या हजारो ओव्या अशाच ऐकून टिपल्या. त्या ओव्या रचणाऱ्या कितीतरी जणींना सहीसुद्धा येत नव्हती.

आणखी एक नियम केला आहे. वहीतलं बैठकीत वाचायचं की नाही, हे जिची वही तिने ठरवायचं. काही गोष्टी घरात जिवंत माणसांच्या आहेत. घाई नाही. पण लिहून ठेवायचं.

त्या ताईंची वही आता डब्यात नसते. गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी, कपाटात असते. परवा त्यांनी दुसरी वही घेतली, दोनशे पानी. दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का?" त्या म्हणाल्या, "नाही, माझ्यासाठी."

तुमच्या डब्यात काय आहे, एकदा बघा.