बंदर वेबकॅम

बंदर वेबकॅम म्हणजे बंदर, गोदी, खाडीचे मुख किंवा जहाजांचा मार्ग यांवर रोखलेला आणि तेथील दृश्य आंतरजालावर अखंड दाखवणारा कॅमेरा. असे काही कॅमेरे बंदर वा कालवा प्रशासने चालवतात. पनामा कालव्यावरील मिराफ्लोरेस येथील कॅमेरा हे त्याचे परिचित उदाहरण होय. तथापि अनेक बंदर-कॅमेरे हौशी मंडळींनी स्वखर्चाने बसवलेले असतात आणि त्यांना एकत्र जोडून जाळी तयार झालेली आहेत. प्रस्तुत लेख प्रामुख्याने या हौशी जाळ्यांविषयी, आणि ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठी त्यांचा जो उपयोग संभवतो त्याविषयी आहे.

इतिहास

वेबकॅमचा उगम चहा-कॉफीच्या सोयीतून झाला. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला. भांडे रिकामे असल्यास जिना चढण्याचे श्रम वाचावेत, एवढाच हेतू होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये हे चित्र आंतरजालावर आले आणि २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद झाला. सॅन फ्रान्सिस्कोचे धुके दाखवणारा 'फॉगकॅम' १९९४ मध्ये सुरू झाला.

बंदरांकडे हा छंद वळणे स्वाभाविक होते. जहाज मंद चालते, ते येण्याची वेळ बरीचशी ठाऊक असते आणि एका ठिकाणी उभे राहून ते पुरते पाहता येते. अमेरिकेत सुपिरिअर सरोवराच्या काठावरील डुलुथ हे या छंदाचे एक माहेरघर आहे. तेथील अरुंद कालव्यावर १९०५ साली बांधलेला व पुढे १९३० च्या सुमारास उचलता येण्याजोगा केलेला पोलादी पूल आहे. लोहखनिज नेणारी लांबलचक जहाजे त्याखालून जाताना भोंगा वाजवतात आणि पुलावरून त्यास भोंग्यानेच उत्तर मिळते. कॅमेऱ्यासोबत ध्वनीही प्रसारित होत असल्याने हा सलाम दूरवरचे लोक घरबसल्या ऐकतात.

या छंदास दुसरी जोड मिळाली ती जहाजांच्या स्वयंचलित ओळख प्रणालीची. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या, ३०० टन व त्याहून अधिक स्थूल टनभाराच्या जहाजांना आणि सर्व प्रवासी जहाजांना आपले नाव, स्थान, दिशा व वेग रेडिओ लहरींवरून सतत कळवावा लागतो. हे संदेश १६१.९७५ व १६२.०२५ मेगाहर्ट्झ या कंप्रतांवर प्रसृत होतात. ग्रीसमधील एजियन विद्यापीठात २००७ साली सुरू झालेल्या 'मरीनट्रॅफिक' या उपक्रमाने स्वयंसेवकांनी ठेवलेल्या ग्राहक यंत्रांचे जाळे उभे केले. त्यामुळे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या जहाजाचे नाव दृश्याखाली लिहिता येऊ लागले. जहाजावर नोकरीस असलेल्याच्या घरच्यांना या दोन साधनांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

बाल्टिमोर, २०२४

हौशी कॅमेऱ्याचे महत्त्व सर्वांत तीव्रतेने जाणवले ते २६ मार्च २०२४ रोजी. त्या दिवशी पहाटे दीडच्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून कोलंबोकडे निघालेले 'डाली' हे मालवाहू जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले आणि १९७७ साली खुला झालेला तो पूल काही क्षणांत कोसळला. पुलावर डागडुजी करणारे सहा कामगार मृत्युमुखी पडले. बंदरे व जलमार्ग यांचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या 'स्ट्रीमटाइम लाइव्ह' या वाहिनीच्या कॅमेऱ्याने हा प्रसंग टिपला आणि जगभरच्या वृत्तसंस्थांनी तेच चित्रण दाखवले.

त्या चित्रणात जहाजाचे दिवे मालवतात, पुन्हा लागतात, पुन्हा मालवतात आणि त्यानंतर धडक होते. हा क्रम उघड दिसल्यामुळे जहाजाची वीज गेली होती हे पहिल्याच दिवशी सर्वांना कळले. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तारेच्या एका सैल जोडणीमुळे वीजपुरवठा खंडित झाल्याचा निष्कर्ष काढला. जहाजावरील कर्मचाऱ्यांत बहुसंख्य भारतीय होते. अपघातानंतर अनेक आठवडे त्यांना जहाजावरच राहावे लागले. संकटाचा संदेश वेळेवर दिल्यामुळे पोलिसांना पुलावरील वाहतूक थांबवता आली, ही बाब मात्र चित्रणात दिसत नाही. कॅमेरा जे दाखवतो तेवढेच सत्य मानण्यातील धोका येथे ध्यानात घ्यावा.

रचना व देखभाल

एका केंद्रास जलरोधक कॅमेरा, राउटर, आंतरजालाची जोडणी आणि वीज गेल्यास चालणारा इन्व्हर्टर एवढे साहित्य पुरते. अडचण माहिती वाहून नेण्याच्या प्रमाणात असते. दर सेकंदास २ मेगाबिट या वेगाने अखंड चलच्चित्र पाठवल्यास दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट, म्हणजे महिन्याला साधारण ६५० गिगाबाइट माहिती खर्ची पडते. उलट मिनिटास २०० किलोबाइटचे एक स्थिरचित्र पाठवल्यास दिवसाचा खर्च ३०० मेगाबाइटच्या आत राहतो. पाण्याची पातळी पाहण्यासाठी स्थिरचित्रे पुष्कळ होतात. जहाजांसाठी मात्र चलच्चित्रच हवे.

उभारणी एका सुट्टीच्या दिवशी उरकते, खरे काम त्यानंतरचे असते. खारी हवा जोडण्या कुजवते. रात्रीच्या अवरक्त दिव्याकडे कीटक येतात, कीटकांमागे कोळी येतो आणि भिंगासमोर विणलेले जाळे पांढऱ्या दोरखंडासारखे चमकते. पावसाळ्यात काचेवर आतून बाष्प धरते. जाळे जितके पसरते तितके ते परक्यांच्या गच्च्यांवर अवलंबून राहते. घरमालक बदलतो, सोसायटीची नवी कमिटी हरकत घेते किंवा रंगकामासाठी तार काढली जाते आणि पुन्हा जोडली जात नाही. प्रत्येक ठिकाणी राउटर बंद करून चालू करील असा एक शेजारी असणे, ही यंत्राहून मोठी गरज आहे. कारखान्याने दिलेला परवलीचा शब्द न बदलणे ही नित्याची चूक. २०१६ साली 'मिराई' या घातक प्रणालीने अशाच कॅमेऱ्यांचा ताबा घेऊन मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली होती.

ठाणे व कल्याण-डोंबिवली

कल्याण हे प्राचीन बंदर असून 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत येथील व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर दुर्गाडीच्या पायथ्याशी आरमाराच्या उभारणीस प्रारंभ झाला. आज या काठाला मोठी जहाजे येत नाहीत. कल्याणचे व मुंब्र्याजवळचे रेतीबंदर ही नावे वाळूच्या होड्यांची आठवण देतात. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला आहे.

त्यामुळे येथे लावलेल्या कॅमेऱ्याचा विषय जहाज नसून पाणी हाच ठरतो. ऐरोलीच्या बाजूस हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत रोहित पक्षी दिसतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे व २०२२ मध्ये ही खाडी रामसर स्थळांच्या यादीत आली. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर पाच मीटरच्या आसपास जाते. म्हणून एकाच चौकटीत सकाळी भरलेले पाणी तर दुपारी चिखलाची पुळण दिसते.

भरतीची वेळ ओळखण्याची जुनी रीत येथे उपयोगी पडते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीचा तास मिळतो : अष्टमीस सहा, पौर्णिमेस वा अमावास्येस सव्वाअकरा. त्यानंतरची भरती सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. हा हिशेब ढोबळ असून तो मोकळ्या किनाऱ्याचा आहे. खाडीच्या आत ठाण्याकडे व कल्याणकडे पाणी त्याहून उशिरा चढते. हा उशीर नेमका किती, हे काठावर एक रंगवलेली मोजपट्टी रोवून तिच्यावर कॅमेरा रोखल्यास महिन्याभरात कोणाही शाळकरी मुलास काढता येईल.

पुराच्या दिवसांत हीच मोजपट्टी गंभीर कामाची ठरते. कर्जत-बदलापूरकडे अतिवृष्टी झाली आणि त्याच वेळी खाडीला उधाण असले की उल्हास नदीच्या पाण्यास वाट उरत नाही व ते कल्याणच्या सखल वस्त्यांत शिरते. २६ जुलै २००५ च्या पुराने या पट्ट्यात हाहाकार माजवला. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकून शेकडो प्रवाशांची सुटका करावी लागली. नदीची पातळी शासनाकडून आकड्यांत जाहीर होते. परंतु आपल्या गल्लीच्या टोकाला असलेली पायरी बुडाली की नाही, हे आकड्यावरून वस्तीतल्या माणसास उमगत नाही. कॅमेऱ्यात ती पायरी दिसते. अर्थात ऐन पुरात वीज व आंतरजाल दोन्ही जाण्याचा संभव अधिक असल्याने कॅमेरा व इन्व्हर्टर २००५ च्या पूररेषेच्या वर ठेवणे आणि दृश्य स्थानिक साठवणीतही नोंदवणे आवश्यक आहे.

कायदा व मर्यादा

डुलुथचा कित्ता मुंबई बंदरावर गिरवता येत नाही. तेथे नौदलाची गोदी आहे आणि ठाणे खाडीच्या मुखाकडे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ यात अशा स्थळांविषयी कडक तरतुदी असून २००८ च्या सागरी मार्गाने झालेल्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरील दक्षता वाढलेली आहे. कॅमेऱ्याचे तोंड अशा दिशेस वळवू नये. काठावर तो लावण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यास लेखी कळवून सल्ला घ्यावा आणि खाडीची जागा शासकीय असल्यास संबंधित कार्यालयाची परवानगी घ्यावी.

खासगीपणाचा प्रश्न त्याहून जवळचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. घाटावर कपडे धुणाऱ्या स्त्रिया, पहाटे होडी लोटणारे कोळी बांधव, विसर्जनास वा अस्थी सोडण्यास आलेली कुटुंबे यांनी जगापुढे येण्याची संमती दिलेली नसते. यावर सोपा उपाय म्हणजे चौकट काठापासून दूर, पाण्यावर आणि मोजपट्टीवर ठेवणे, चेहरे ओळखता येणार नाहीत इतके अंतर राखणे, ध्वनी बंद ठेवणे आणि कॅमेरा कोठे लावला आहे याची मराठी पाटी घाटावर लावणे.