तळटीप १७ : बॉयलरची परीक्षा

१७. बॉयलरची परीक्षा : मामा ज्या परीक्षेसाठी रजा टाकतात ती ‘बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर’ या प्रवीणता-दाखल्याची, कारखान्यातल्या बोलण्यात ‘बीओई’. लोटे परशुरामचे रासायनिक कारखाने असोत की जयगडचे औष्णिक वीजकेंद्र, वाफेवाचून काम अडते. पण अभियांत्रिकीची पदवी वा पदविका मिळाली म्हणून बॉयलर ताब्यात मिळत नाही. आधी चालत्या बॉयलरवरचा ठरावीक अनुभव लागतो, मग लेखी आणि तोंडी परीक्षा. तोंडीचीच धास्ती अधिक, कारण पाण्याची पातळी काचेत दिसेनाशी झाली तर पहिल्यांदा काय कराल, याचे उत्तर पाठांतराने देता येत नाही. तापणारे एकूण पृष्ठफळ १००० चौरस मीटरहून जास्त असेल तेथे असा दाखलाधारक अभियंता नेमावाच लागतो. लहान बॉयलरांना पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गाचा अटेंडंट चालतो.

या कडकपणाचे मूळ १८६३ साली कलकत्त्यात झालेल्या जीवघेण्या बॉयलर-स्फोटात आहे. पुढल्याच वर्षी बंगालने कायदा केला. देशभरासाठी तो १९२३ मध्ये आला आणि त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. परीक्षेचे नियम पूर्वी राज्यागणिक वेगळे होते, केंद्राचे सामाईक नियम २०११ चे. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय पाहते. मागील प्रकरणातले ‘फॅक्टरी इन्स्पेक्टर’ मात्र दुसऱ्या खात्याचे.